मिडी (संगीतयंत्रांना जोडणारी संदेशपद्धत) यंत्राला संगणक जोडला आहे हे फर्मवेअरने, म्हणजे यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमने, कसं ओळखायचं?

तुमचा सिक्वेन्सर (सूर ठरलेल्या क्रमाने वाजवणारं यंत्र) एरवी स्वतःच्या क्लॉकवर, म्हणजे तालाच्या ठोक्यांवर, चालतो आणि यूएसबीने संगणक जोडला की त्याने संगणकाचा क्लॉक पाळावा, असं तुम्हाला हवंय. त्यासाठी फक्त ५ व्होल्ट आले का एवढंच पाहू नका. मोबाइलचा चार्जर किंवा पॉवर बँक लावली तरी ५ व्होल्ट येतातच, आणि यंत्र न येणाऱ्या क्लॉकची वाट पाहत गप्प बसतं.

खरी खूण म्हणजे एन्युमरेशन, म्हणजे संगणकाने यंत्राची ओळख करून घेणं. त्यात संगणक यंत्राला पत्ता देतो, मग कॉन्फिगरेशन (यंत्र कसं वापरायचं ती मांडणी) निवडतो. चार्जर यातलं काहीच करत नाही. कॉन्फिगरेशन झालं की ‘जोडलेला’ धरा. टायनीयूएसबी ही यूएसबीची तयार लायब्ररी वापरत असाल तर माउंट (जोडलं), अनमाउंट (तुटलं), सस्पेंड (झोपलं), रिझ्यूम (जागं झालं) ही चारही कॉलबॅक, म्हणजे त्या त्या वेळी आपोआप बोलावली जाणारी फंक्शन, तयार मिळतात.

केबल काढल्याचं ओळखणं जास्त फसवं आहे. यूएसबीच्या ‘फुल स्पीड’ या वेगावर संगणक दर १ मिलिसेकंदाला फ्रेमची खूण पाठवतो. ३ मिलिसेकंद बसवर (यूएसबीच्या डेटाच्या तारांवर) शांतता राहिली की यंत्र सस्पेंड धरतं. पण संगणक झोपला तरी हेच होतं! यंत्र बॅटरीवर चालत असेल तर यूएसबीचे ५ व्होल्ट दोन रेझिस्टरांनी विभागून एका पिनवर जरूर वाचा. व्होल्टेज आहे पण बस शांत, तर संगणक झोपलाय. व्होल्टेजच नाही, तर केबल निघाली.

पाच पिनांच्या जुन्या मिडीत मात्र अशी सोय नाही. समोरचं यंत्र ॲक्टिव्ह सेन्सिंग (‘मी अजून जोडलेलो आहे’ असं सतत सांगणारा संदेश) पाठवत असेल तरच कळतं, आणि ते ऐच्छिक आहे.