रंगचक्र आणि मळकट जांभळा

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेत रंगचक्र शिकवताना तांबडा आणि निळा मिळून जांभळा होतो, असे सांगितले. घरी जलरंगांत करून पाहिल्यावर मात्र मळकट तपकिरी छटा आली. शिवाय तांबडा आणि हिरवा प्रकाश एकत्र आल्यास पिवळा दिसतो, असे तिने वाचले आहे. मग रंगचक्र चुकीचे समजायचे का?

उत्तर : रंगचक्र चुकीचे नाही. मात्र ते निर्भेळ रंग गृहीत धरून आखलेले असते आणि डबीतला रंग सहसा तसा नसतो. तुमच्या मुलीने घेतलेला तांबडा बहुधा शेंदरीकडे झुकणारा असावा. अशा तांबड्यात पिवळ्याची झाक असते. त्यामुळे त्यात निळा मिसळला की तांबडा, पिवळा आणि निळा हे तिन्ही प्राथमिक रंग एकत्र येतात आणि मिश्रण तपकिरी किंवा करडे होते. त्याऐवजी किरमिजी आणि अल्ट्रामरीन निळा घ्यावा. हे दोन्ही रंग मुळातच जांभळ्याकडे झुकणारे असल्यामुळे छटा स्वच्छ येईल. याच न्यायाने टवटवीत हिरव्यासाठी लिंबू-पिवळा आणि हिरवट झाक असलेला निळा निवडावा. मिसळताना आधी पिवळा घ्यावा आणि त्यात निळा कुंचल्याच्या टोकाने थोडा थोडा घालावा, कारण गडद रंग फिक्या रंगाला चटकन गिळून टाकतो.

छापील तक्त्यावरून चक्र उतरवून घेण्यापेक्षा मुलांनी प्राथमिक रंगांपासून बारा घरांचे चक्र स्वतः मिसळून भरावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कोणत्या डबीतला रंग कुठे झुकतो, हे त्यातूनच हाताला कळते. चक्रात समोरासमोर येणारे विरोधी रंग, उदाहरणार्थ तांबडा आणि हिरवा, शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात, पण मिसळले तर एकमेकांना मारतात. म्हणूनच तांबडा मंद करायचा असेल, तर काळ्याऐवजी किंचित हिरवा घालून पाहावा. पिवळ्यात काळा घातला, तर तो केवळ गडद न होता शेवाळी हिरवट होतो, हाही प्रयोग मुलीला अवश्य करू द्यावा.

आता प्रकाशाविषयी. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वर्णपटातील रंग वर्तुळात मांडले, ते प्रकाशाचे होते. पडद्यावर तांबडा, हिरवा आणि निळा हे प्रकाश एकमेकांत मिळवले जातात, त्यामुळे मिश्रण अधिक उजळ होते आणि तिन्ही योग्य प्रमाणात आले की पांढरे दिसते. रंगद्रव्य मात्र आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषून उरलेला परत पाठवते. म्हणून रंगात रंग मिसळला की डोळ्यांपर्यंत येणारा प्रकाश कमीच होत जातो. छपाईतही शोषणाचाच नियम चालतो, पण तिथे सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळा हे मूळ रंग धरतात, कारण त्यांच्या मिश्रणातून तांबडा-पिवळा-निळा या त्रयीपेक्षा अधिक स्वच्छ छटा मिळतात. शाळेतले चक्र रंगद्रव्यांचे आहे आणि मुलीने वाचलेला नियम प्रकाशाचा. आपापल्या जागी दोन्ही खरे आहेत.