कमी पावसाच्या भागात १०० घरांच्या वस्तीसाठी सांडपाणी शुद्ध करायची कुठली पद्धत चांगली?

तुम्ही लिहिलंय की साधारण ५०० माणसं आहेत, लाइटचा भरवसा नाही पण जागा भरपूर आहे, म्हणून उघडी तळी खोदून त्यात सांडपाणी शुद्ध होईपर्यंत साठवून ठेवावं का. काही वर्षांपूर्वी मीही हेच सांगितलं असतं, तळी स्वस्त, मोटर नाही, बिघडायला काही नाही. पण तुमच्याकडं मुळात पाण्याचीच बोंब आहे ना, मग एकदा हिशोब करून बघा.

माणशी ६० लिटर वापर धरला तर त्यातलं ८० टक्के गटारात येतं, म्हणजे रोजचं २४ हजार लिटर. तळ्यांना सगळी मिळून दीड हजार चौरस मीटर तरी लागतील आणि कोरड्या हवेत उघड्या पाण्याचा रोज ६ मिलिमीटर थर सहज उडतो, उन्हाळ्यात जास्तच. म्हणजे ९ हजार लिटर गेले, एक तृतीयांशाहून जास्त! बरं, उडतं ते फक्त पाणी, क्षार मागंच राहतात, त्यामुळं उरलेल्या १५ हजारात ते १.६ पट होतात आणि तेच पाणी वर्षानुवर्षं जमिनीला दिलं की जमीन पांढरी पडायला लागते, पाऊसही एवढा नसतो की ते धुऊन नेईल.

दुसरं म्हणजे पाणी कमी वापरणाऱ्यांचं सांडपाणी दाट असतं. घाण माणशी तेवढीच, बीओडीच्या (म्हणजे ती घाण खाताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) भाषेत रोजची ४० ग्रॅमच्या आसपास, ती माणशी गटारात येणाऱ्या ४८ लिटरमधे आली की लिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर जाते. भरपूर पाणी वापरणाऱ्या शहराचा आकडा धरून बनवलेला रेडिमेड प्लांट घेतला तर तो पहिल्या दिवसापासून ओव्हरलोड, आणि लाइट जाऊन त्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला की नुसती वास मारणारी टाकी.

मी काय करेन? आधी गाळ बसायची टाकी, पुढं झाकलेली कप्प्याकप्प्यांची टाकी, ज्यात पाणी प्रत्येक कप्प्यात खालून शिरून वर चढतं आणि तळाच्या गाळातले जिवाणू हवेशिवाय घाण खातात. दाट सांडपाणी आणि ऊबदार हवा, दोन्ही या जिवाणूंना मानवतं. पाणी दीड दिवस आत राहील एवढी जागा ठेवा, म्हणजे ३६ घनमीटर, आणि वर चढायचा वेग ताशी १ मीटरच्या आत, नाहीतर गाळ वाहून पुढं येतो. उतार असेल तर लाइट लागतच नाही. त्यानंतर ६० सेंटिमीटर खोल खडीचा वाफा, कर्दळ किंवा पाणकणीस लावलेला, पाणी खडीच्या पृष्ठाखालूनच वाहतं त्यामुळं डास नाहीत. वाफा मोठा करायचा मोह टाळा, ती झाडंही पाणी पितातच, ४०० चौरस मीटर पुरे.

मी बघत होतो त्या एका ठिकाणी पहिल्या टाकीतला गाळ चार वर्षं कुणी काढलाच नाही, तो खडीत जाऊन वाफा तुंबला आणि सगळी खडी उपसून धुवावी लागली, फार घाण काम हो! दर दोन-तीन वर्षांनी गाळ कोण काढणार आणि कुठं टाकणार हे बांधायच्या आधीच ठरवा, पैशासकट.

बाहेर येणारं पाणी दिसायला स्वच्छ असतं पण त्यात जंतू आणि जंतांची अंडी राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ साली कच्च्या खायच्या भाज्यांसाठी १०० मिलिलिटरला विष्ठेतले १००० कोलिफॉर्म जिवाणू आणि लिटरला जंताचं एक अंडं एवढीच मर्यादा घातली होती, ही पद्धत एकटी तिथं पोचत नाही. म्हणून झाडं, चारा, लाकूड यांनाच द्या, तेही चरीतून बुंध्याशी, फवारून नको. नायट्रोजन बराचसा पाण्यातच राहतो, तेवढं खत वाचतं.

आणि सुरू करताना एखाद्या जुन्या सेप्टिक टँकमधला गाळ थोडाथोडा प्रत्येक कप्प्यात टाका. तरी पहिले तीन महिने वास येईल, लोक शिव्या घालतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.