वाचकांचे प्रश्न : थॅलॅमसमधील चेतापेशींची रचना

प्रश्न : पाठ्यपुस्तकांत चेतापेशीचे चित्र नेहमी एकाच साच्याचे असते. त्यात पेशीकाय, त्यातून फुटलेल्या वृक्षिका आणि एका बाजूने निघालेला लांब अक्षतंतू दाखवतात. संदेश वृक्षिकांवाटे येतो आणि अक्षतंतूवाटे जातो, असे शिकवले जाते. माकड आणि माणूस यांच्या थॅलॅमसमधील पेशी याच साच्याच्या असतात का? तसेच उंदरांवर एवढे संशोधन होत असताना माकडांच्या थॅलॅमसचा वेगळा अभ्यास कशासाठी करावा लागतो?

उत्तर : आपण वर्णन केलेले चित्र थॅलॅमसमधील एका प्रकारच्या पेशीला बरेचसे लागू पडते. दुसऱ्या प्रकाराला ते लागू पडत नाही, आणि माझ्या मते अधिक लक्ष देण्याजोगा प्रकार तोच आहे.

मेंदूच्या खोल भागात, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना थॅलॅमसचा एकेक अंडाकृती भाग असतो. गंधाचा अपवाद सोडला तर डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारे संदेश येथील पेशींच्या हाती पडल्यानंतरच मेंदूच्या बाह्यकाकडे, म्हणजे बाहेरच्या थराकडे, जातात. हे काम करणाऱ्या पेशींना पारेषक पेशी म्हणतात. पारेषक पेशीच्या पेशीकायातून काही जाड वृक्षिका निघतात, थोड्याच अंतरावर त्यांना एकाच ठिकाणी अनेक फाटे फुटतात आणि पेशीभोवती झुबक्यांसारखा पसारा तयार होतो. तिचा अक्षतंतू थेट बाह्यकाकडे जातो. वाटेत तो थॅलॅमसला कवचासारख्या वेढणाऱ्या जालकेंद्रकाला (येथे केंद्रक म्हणजे चेतापेशींचा पुंजका) एक फाटा देतो, पण शेजारच्या पारेषक पेशींशी जवळजवळ काहीच संबंध ठेवत नाही. बाह्यकातील पेशी आपसांत दाट जाळे विणतात, हे लक्षात घेतले की हा फरक किती मोठा आहे हे कळते.

हे आकार प्रथम दिसले ते इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, चांदीच्या क्षारांचा उपयोग करणाऱ्या रंजनपद्धतीमुळे. या पद्धतीत ऊतीमधील फार थोड्या पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या बारीक फाट्यांसह काळ्या दिसतात. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर एकमेकींत गुंतलेल्या फाट्यांतून एकही पेशी वेगळी काढता आली नसती. स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी याच पद्धतीने चेतापेशी स्वतंत्र असतात हा विचार उभा केला, आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

आता दुसरा प्रकार. या स्थानिक पेशी आकाराने लहान असतात आणि बाह्यकाकडे अक्षतंतू पाठवत नाहीत. त्यांच्या वृक्षिका मात्र लांब, बारीक आणि नागमोडी असतात, आणि त्यांच्यावर बारीक देठांना लोंबणाऱ्या मण्यांसारखे फुगवटे असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या फुगवट्यांत रासायनिक संदेशवाहकाच्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, दिसतात. म्हणजे या वृक्षिका संदेश घेतात आणि देतातही, व त्यांतून स्रवणारे गॅबा हे द्रव्य पुढच्या पेशीला शांत करते. डोळ्याच्या दृष्टिपटलाकडून आलेल्या तंतूचे टोक एकाच वेळी पारेषक पेशीच्या वृक्षिकेला आणि स्थानिक पेशीच्या फुगवट्याला भिडते, आणि तो फुगवटा पुन्हा त्याच पारेषक वृक्षिकेला भिडतो. या तिहेरी रचनेला त्रिक म्हणतात. अशा जोडण्यांचे पुंजके आधारपेशींच्या पातळ पापुद्र्यांनी वेढलेले असतात. यामुळे संदेशामागोमाग त्याला आवर घालणारा संदेशही लगेच, त्याच जागी पोहोचतो. असे फुगवटे पेशीकायापासून दूर असल्याने ते बरेचसे स्वतंत्रपणे काम करत असावेत, असे मानले जाते.

आकार आणि काम यांचे नाते माकडाच्या व माणसाच्या दृष्टिकेंद्रकात, म्हणजे लॅटरल जेनिक्युलेट केंद्रकात, सर्वांत स्पष्ट दिसते. येथे पेशींचे सहा थर असतात. खालचे दोन मोठ्या पेशींचे, वरचे चार लहान पेशींचे असतात, आणि त्यांच्या सांध्यांवर आणखी बारीक पेशींच्या पट्ट्या असतात. पहिला, चौथा आणि सहावा थर विरुद्ध बाजूच्या डोळ्याकडून संदेश घेतात, तर दुसरा, तिसरा आणि पाचवा त्याच बाजूच्या डोळ्याकडून. लहान पेशींच्या वृक्षिकांचा पसारा थराला लंब दिशेने लांबट व अरुंद असतो, म्हणून त्यांना दृश्याचा छोटासा भाग मिळतो आणि बारीक तपशील व लाल-हिरवा भेद टिपता येतो. मोठ्या पेशींचा पसारा रुंद असतो. त्या हालचाल आणि फिकट-गडद यांतील सूक्ष्म फरक चटकन टिपतात. असे असूनही पारेषक पेशीवरील सर्व जोडण्यांपैकी दृष्टिपटलाकडून आलेल्या जोडण्या सुमारे दहा टक्के किंवा त्याहून कमी असतात. उरलेल्यांत बाह्यक, मेंदूस्तंभ, जालकेंद्रक आणि स्थानिक पेशी यांच्याकडून आलेल्या जोडण्यांचा मोठा वाटा असतो. थॅलॅमसला नुसते टपालघर म्हणणे म्हणूनच मला अपुरे वाटते.

माकडांचा वेगळा अभ्यास हवा, याचे कारणही या स्थानिक पेशींतच आहे. उंदीर आणि घुशीच्या थॅलॅमसमध्ये दृष्टिकेंद्रक वगळता त्या जवळजवळ आढळत नाहीत. नरवानर गणातील प्राण्यांत त्या थॅलॅमसच्या बहुतेक केंद्रकांत असतात आणि एकूण चेतापेशींपैकी साधारण पाव भाग किंवा त्याहून थोडा अधिक भाग त्यांचा असतो. त्यामुळे त्वचेकडून आलेला स्पर्शाचा संदेश उंदराच्या थॅलॅमसमध्ये ज्या जोडण्यांतून जातो, त्या जोडण्यांत माकडात व माणसात एका संपूर्ण पेशीप्रकाराची भर पडलेली असते. उंदरात काढलेला निष्कर्ष आपल्याला लावायचा असेल, तर ही भर लक्षात घेऊन तो माकडात पुन्हा तपासावा लागतो.