रविवारचा ओव्हन: तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं, सुट्टीच्या दिवशी घरात काय करायला आवडतं. वाटलं होतं कुणी ट्रेक म्हणेल, कुणी दुपारची झोप (झोपवाले होतेच, सलाम!), पण निम्म्याहून जास्त मेल्स केक, नानकटाई आणि पावाचे निघाले आणि त्यातही अर्ध्या तक्रारी. काही निवडून घेतलेत. नावं नकोत असं बऱ्याच जणांनी लिहिलं म्हणून फक्त गाव दिलंय.

ताई, आम्ही दोघंही नोकरीवाले, शनिवार साफसफाई आणि किराण्यात जातो, रविवारी मुलं कंटाळली म्हणून मॉल, तिथे तीन तास आणि दोन हजार जातात आणि घरी आल्यावर सगळे चिडचिडे. मुलं ८ आणि ५ वर्षांची आहेत. घरात काहीतरी एकत्र करावंसं वाटतं पण ओव्हन नाही. (डोंबिवली)

ओव्हनचं आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे ओव्हन येण्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरी कुकरमध्ये आणि वाळूवर केक होतच होते. फक्त रोजचा कुकर नका वापरू, पाण्याशिवाय सारखा तापवला की तो खराब होतो. एखादं जुनं जाड बुडाचं पातेलं किंवा कढई घ्या (नॉनस्टिक नको), तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड किंवा उलटी ताटली, घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम गॅसवर तापू द्या, तेवढ्यात मिश्रण तयार करा.

आणि सुरुवात मैद्याच्या केकने करू नका, रव्याचा करा, तो चुकला तरी खाववतो. १ वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, पाऊण वाटी दही, पाव वाटी तूप नाहीतर तेल, अर्धी वाटी दूध, वेलची. हे सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं म्हणजे रवा फुगतो. घट्ट झालं तर अजून थोडं दूध. अगदी शेवटी, डबा पातेल्यात जाण्याच्या आधी, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खायचा सोडा घालून हलकं ढवळायचं. सोडा दह्यातल्या आंबटपणाशी लगेच काम सुरू करतो, तो आधी घालून मिश्रण ठेवून दिलं तर सगळे बुडबुडे वाटीतच संपतात आणि केक बसतो. मग तूप लावलेल्या डब्यात ओतून मंद गॅसवर ३५ ते ४० मिनिटं. पहिली २५ मिनिटं झाकण उघडायचं नाही, कुणी कितीही मागे लागलं तरी! सुरी घालून कोरडी निघाली की झालं.

गोव्यात ख्रिसमसला बाथ नावाचा केक करतात तोही रव्याचाच, त्यात नारळ असतो आणि मिश्रण रात्रभर मुरवतात. तुम्हाला शनिवारी रात्री कालवून रविवारी सकाळी भाजायचं असेल तर तसंही करा, फक्त रात्रभर फ्रिजमध्ये, आणि सोडा, पावडर सकाळीच.

मुलांना काय द्यायचं? पाच वर्षांच्याला डब्याला तूप लावायला द्या, आठच्याला वाटीने मोजायला. गॅसच्या जवळ दोघंही नकोत. तुम्ही दोघांनी मात्र एक करायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. फोटो काढायचा म्हटलं की केक सुंदर दिसायला लागतो आणि मग मुलांच्या हातातला चमचा आपण काढून घेतो, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

माझी नानकटाई दर वेळी पसरून पापडासारखी होते आणि सासूबाई म्हणतात भट्टीवरची चव नाही. प्रमाण यूट्यूबवरचंच घेते. (सातारा)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक तुमच्या हातात आहे आणि एक फारशी नाही.

पसरण्याचं आधी. ९० टक्के वेळा दोष तुपाचा असतो. वितळलेलं पातळ तूप घेतलं की पीठ मळताना ठीक वाटतं पण गरम ट्रेवर पडलं की बिचारं वाहणारच ना. तूप रवाळ, थिजलेलं हवं, आणि ते पिठीसाखरेबरोबर हाताने किंवा बीटरने पांढरं, हलकं होईपर्यंत फेटायचं, इथे आळस नको, १० मिनिटं तरी जातात. नानकटाईचा खुसखुशीतपणा त्या फेटण्यात आहे. आमच्याकडे हे काम नेहमी घरातल्या ज्या माणसाला 'मी काय करू' म्हणून विचारायची सवय आहे त्याला मिळतं.

माप असं घ्या: १२५ ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम तूप, ७५ ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची, जायफळ. घरी दळलेली साखर जाडसर राहिली तर तीही भाजताना वितळून पसरते, म्हणून चाळून घ्या. पीठ मळायचं नाही हां, नुसतं गोळा करायचं. गोळे करून ट्रे २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच आधीपासून तापलेल्या ओव्हनमध्ये १६० अंशावर साधारण १८ ते २० मिनिटं. मार्चनंतर साताऱ्यात स्वयंपाकघरातच तूप पातळ होतं तेव्हा हा फ्रिज अजिबात चुकवू नका. बाहेर काढल्यावर मऊ लागते, बोट लावलं की दबते, म्हणून लोक अजून पाच मिनिटं ठेवतात आणि करपवतात. ती गार होताना घट्ट होते. रंग फिका असतानाच काढा.

आता सासूबाईंचं. त्या खरं बोलताहेत! दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात घेऊन बेकरीत जायचं, तिथे रांगेत बसून नाहीतर बेकरीवाल्याकडून पीठ करून घ्यायचं आणि पत्र्याच्या ट्रेवर भाजून किलोवर मजुरी द्यायची, हे ज्यांनी लहानपणी केलंय त्यांना घरची नानकटाई कधीच 'ती' लागणार नाही. त्याला कारण नुसती आठवण नाहीये. विटांची भट्टी जाड असते, उष्णता धरून ठेवते, आणि पाव निघून गेल्यावर उतरत्या आचेवर नानकटाई जाते, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखी आणि हळूहळू कमी होत जाणारी धग. शिवाय लाकडाचा वास. आपल्या छोट्या ओव्हनचा रॉड चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. थोडं जवळ जायचं असेल तर १७० ला सुरू करून ८ मिनिटांनी १५० वर आणा. पण लाकडाचा वास कुठून आणणार. मुंबईत तर २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर न्यायचा आदेश दिला, हवेच्या दृष्टीने बरोबरच आहे ते, पण नानकटाईवाल्या पिढीला हळहळ वाटणारच.

माझं ऐकाल तर पुढच्या रविवारी फेटायचं काम सासूबाईंना द्या आणि बेकरीतल्या रांगेच्या गोष्टी त्यांना सांगू दे. चव जुळवायची स्पर्धा सोडून द्या, तुम्ही हरणार आहात.

इथे इंग्लंडमध्ये मैदा म्हणून सेल्फ रेझिंग पीठ आणलं, नानकटाई फुगून फुटली, चव सोड्यासारखी. (लेस्टर)

त्या पिठात बेकिंग पावडर आधीच घातलेली असते आणि तुम्ही वर आपली घातलीत. साधं प्लेन फ्लोअर आणा, काम झालं. तुपाच्या जागी तिथलं बिनमिठाचं लोणी वापरणार असाल तर त्यात पाणी असतं, ते मंद आचेवर कढवून तूप करून थिजवून घ्या. आणि लेस्टरमध्ये तूप तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं की हो.

दर महिन्याला एका शनिवारी कॉलेजचा ग्रुप आमच्याकडे येतो. मी दोन दिवस आधीपासून तयारी करते, स्टार्टर, मेन, घरचा केक, आणि ते येतात तेव्हा मी किचनमध्येच असते, गप्पा मला भिंतीपलीकडून ऐकू येतात. नवरा म्हणतो बंद कर हे सगळं. मला बंद नाही करायचंय पण दमते. (पुणे)

नवऱ्याला सांगा बंद नाही करायचं, कमी करायचं. घरी एकच गोष्ट करायची आणि ती आदल्या दिवशी. मावा केक हा त्यासाठी फार गुणी आहे, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो कारण माव्यातला तुपकटपणा आणि वेलची मुरते. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या मेरवानचा ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायलाच नको. घरी करताना मावा किसून लोण्याबरोबर फेटा आणि नेहमीच्या केकपेक्षा दूध कमी घाला, बस.

बाकी सगळं बाहेरून. तुम्ही पुण्यात आहात म्हणजे पॅटिस कुठून आणायचे यावरून ग्रुपमध्ये भांडण होईल, होऊ द्या, जो जिंकेल त्याने येताना आणायचे. दुसऱ्याने कॅम्पातून श्रूजबेरी बिस्किटं आणायची. चिवडा तिसऱ्याने. चहा येणाऱ्यांपैकी कुणीही टाकू शकतो, चाळीशीचे झालात सगळे, साखरेचा डबा सापडेल त्यांना. आणि कागदी प्लेट्सबद्दल अपराधी वाटत असेल तर स्टीलच्या वापरा आणि जायच्या आधी सगळ्यांनी मिळून घासायच्या, खऱ्या गप्पा सिंकपाशीच होतात असा माझा अनुभव आहे.

एक खडूस प्रश्न विचारू? चार पदार्थ त्यांनी मागितले होते का? बहुतेक नाही. कॉलेजात तर एका कटिंगमध्ये दोघं भागवत होतात.

वडिलांना शुगर आहे, रविवारी सगळे केक खातात आणि ते बघत बसतात. कणीक आणि गुळाचा केक चालेल ना? तो हेल्दी असतो म्हणतात. (नाशिक)

गूळही साखरच आहे हो, रक्तातली साखर त्यानेही वाढते. कणकेत फायबर जरा जास्त, एवढाच फरक. हेल्दी म्हणून दोन मोठे तुकडे खाण्यापेक्षा साध्या केकचा बोटभर तुकडा जेवणानंतर लगेच खाल्लेला बरा, आणि किती हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, मला नाही. दुसरं असं की रविवारचं बेकिंग गोडच असलं पाहिजे असं कुणी सांगितलंय? खारी बिस्किटं करा, जिरं-ओवा घालून, कणकेचीच. मीठ बेताने. मग ते बघत बसणार नाहीत, लाटायला बसतील.

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) घेऊ की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह? (ठाणे)

फक्त बेकिंग करायचं असेल तर ओटीजी, २५ ते ३० लिटरचा, त्याहून लहानात ट्रे मावत नाही आणि रॉड केकच्या डोक्यावर येतो. दूध, भात, भाजी गरम करणंही हवं असेल आणि ओट्यावर एकच वस्तू मावत असेल तर कन्व्हेक्शन. साधा सोलो मायक्रोवेव्ह बेकिंगसाठी नको. काहीही घ्या, वर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० असेलच असं नाही, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या.

माझा १४ वर्षांचा मुलगा दर रविवारी लादीपाव करायला घेतो, पाव दगड होतो, किचनचा पसारा, आणि माझे सासरे म्हणतात एवढ्या गॅस-विजेत बेकरीतून महिन्याचा पाव येईल. पोरगं हिरमुसतं. काय चुकत असेल? (नागपूर)

सासऱ्यांचा हिशोब अगदी बरोबर आहे आणि तरीही पोराला करू द्या. चौदाव्या वर्षी दर रविवारी स्वतःहून ओट्यापाशी उभं राहणारं मूल आहे तुमच्याकडे, पसाऱ्याची काय तक्रार करता! फक्त नियम करा, ज्याचा पाव त्याची परात, घासून ठेवायची.

दगड होण्याची कारणं शोधायला त्यालाच लावा. पहिला संशय दुधावर. कोमट म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर चटका न बसणारं, साधारण ३५ ते ४० अंश. ६० च्या आसपास यीस्ट मरतंच. दुसरा संशय यीस्टच्या पाकिटावर, उघडून सहा महिने कपाटात पडलेलं असेल तर टाकून द्या, नवीन आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तिसरा, आणि मला वाटतं हाच असणार: पीठ हाताला चिकटतंय म्हणून मुलं वरून मैदा टाकत जातात. २५० ग्रॅम मैद्याला १६० मिली कोमट दूध-पाणी, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १ मोठा चमचा साखर, अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त मीठ. हे चिकटणारच. चिकटू दे. दहा-बारा मिनिटं ओढून, आपटून मळलं की आपोआप सुटतं, मग २५ ग्रॅम बटर घालून परत मळायचं. दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचं, उन्हाळ्यात नागपुरात अर्ध्या-पाऊण तासात होईल, डिसेंबरात दोन तासही लागतील, म्हणून घड्याळ नाही, पीठ बघायचं. गोळे ट्रेमध्ये जवळजवळ लावून पुन्हा अर्धा-पाऊण तास थांबायचं, हा दुसरा थांबा घाईत खाल्ला जातो आणि पाव तिथेच मरतो. वरून दूध लावून १९० अंशावर १५ ते १८ मिनिटं, काढल्यावर बटर फिरवून ओल्या फडक्याखाली झाकायचा म्हणजे वरचा पापुद्रा मऊ राहतो.

पहिल्या वेळी त्याच्याबरोबर पावभाजीचा घाट घालू नका, नाहीतर तुमचाही रविवार गेला. गरम पाव, अमूल बटर, चहा. आणि पहिला पाव आजोबांना द्या, हिशोब तेच मांडताहेत ना.