२०० वॅटचा हॉल थ्रस्टर दोन दिवसांत तपासून होईल का?

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावातली इंजिनिअरिंगची मुलं २०० वॅटचा हॉल थ्रस्टर (झेनॉन वायूचे आयन विजेने वेगात फेकून उपग्रह ढकलणारं छोटं इंजिन) करतायत, चाचणीचा व्हॅक्यूम चेंबर उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, करून घेणार आहेत, तो उपसणारा टर्बो पंप २,००० लिटर प्रति सेकंदाचा आहे. दोन दिवसांत थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, मोजून होईल का?

नाही होणार. नुसता निळा उजेड बघायचा असेल तर जमेलही. विश्वासाचा आकडा हवा असेल तर दोन आठवडे धरा, आणि त्यातले बहुतेक दिवस थ्रस्टर बंदच असेल.

आधी पंपाचा हिशेब करा. झेनॉन सेकंदाला १ मिलिग्रॅम सोडलात तर सुमारे ०.१३ टॉर-लिटर प्रति सेकंद वायू आत येतो (टॉर हे दाबाचं एकक). त्याला २,००० ने भागा, दाब ६.५ लाखांश टॉरला थांबेल. एक लाखांशावर आणायला सेकंदाला १३,००० लिटरचा उपसा लागतो, म्हणून मोठ्या प्रयोगशाळा झेनॉन गोठवून धरणारे क्रायो पंप वापरतात. दाब जास्त असला की चेंबरमधलेच भटके अणू थ्रस्टरच्या नळीत शिरतात, त्यांचंही आयनीकरण होतं आणि थ्रस्ट फुगलेला दिसतो. म्हणून थ्रस्टच्या प्रत्येक आकड्याशेजारी दाब लिहा. नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला आयन गेज (दाब मोजणारं उपकरण) झेनॉनला सुमारे २.९ पट जास्त दाखवतो, पण सरसकट भागू नका. वायू बंद असतानाचा मूळ दाब वजा करा, उरलेल्याला २.९ ने भागा, मग मूळ दाब परत मिळवा.

उद्यमबागेत मशीनिंग झकास होतं, पण हायड्रॉलिकचं सील आणि व्हॅक्यूमचं सील यांत फरक आहे. वेल्ड आतल्या बाजूने, सलग मागा. बाहेरून केला तर आतल्या फटीत अडकलेली हवा दिवसेंदिवस झिरपत राहते. आंधळ्या आट्यांच्या भोकात मधून आरपार छिद्र पाडलेले स्क्रू घाला. झिंक प्लेटिंगचे स्क्रू गरम भागाजवळ नकोतच, झिंकची वाफ होते. कूलंटचं तेल आधी साबणाने, मग ॲसिटोनने काढा आणि त्यानंतर हातमोज्यांशिवाय शिवू नका.

दाब उतरत नसेल तर पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दाब-वेळेचा आलेख काढा. सरळ रेषेत चढला तर गळती, चढून वाकायला लागला तर भिंतींवरचं पाणी. आपल्याकडच्या दमट जुलैत पाणीच निघण्याची शक्यता जास्त. चेंबर उघडताना कोरडा नायट्रोजन भरा, झटपट बंद करा, हीटिंग टेप लावून रात्रभर १०० अंशांच्या आसपास तापवा. रबरी ओ-रिंग किती सोसतात ते आधी बघा. थ्रस्टरची बोरॉन नायट्राइडची (एक सिरॅमिक) नळीही दमट हवेतलं पाणी धरते, त्यामुळे पहिल्या पेटवणीत करंट उड्या मारतो. तेव्हा थ्रस्ट मोजण्यात अर्थ नाही.

खरा वेळखाऊ भाग थ्रस्ट स्टँडचा, म्हणजे थ्रस्ट मोजणाऱ्या तराजूचा. २०० वॅटला १० मिलिन्यूटन धरा, म्हणजे जेमतेम एका ग्रॅमचं वजन. थ्रस्टर स्वतः किलोच्या घरात. वायूची नळी आणि केबल तापल्या की त्यांचा ताठपणा बदलतो आणि शून्य सरकतं. त्यामुळे व्हॅक्यूममध्येच, मोटरने लहान वजनं टांगून, फायरिंगच्या आधी आणि लगेच नंतर कॅलिब्रेशन करायचं. तापमान स्थिर व्हायला दोन-तीन तास द्या, मग एकदम बंद करून शून्य वाचा. प्रत्येक व्होल्टेजला हेच. झोताच्या समोर ग्रॅफाइटची पाटी लावा, नाहीतर भिंतीचं स्टील उडून थ्रस्टरवरच बसेल.

कंटाळा येईलच. इस्रोने ३०० मिलिन्यूटनच्या थ्रस्टरची १,००० तासांची आयुष्य-चाचणी केली, तीत मधूनमधून झीज तपासावी लागली. नासाचा नेक्स्ट आयन थ्रस्टर ५१,१८४ तास चालवला. तुमचं काम त्यामानाने हलकंच.

लाईट जाणार हे धरूनच चला. पंप आणि चेंबरमधला व्हॉल्व्ह वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा घ्या, गेज आणि कंट्रोलर यूपीएसवर ठेवा. थ्रस्टरचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) गरम असताना हवा आत गेली तर त्याचा एमिटर, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा तुकडा, खराब होतो, म्हणून तो पूर्ण थंड होईपर्यंत चेंबर उघडायचा नाही, घाई कितीही असो.