बाळंतविडा अर्धा राहिला आहे

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे. यजमानांच्या निधनानंतर मी साताऱ्याचे घर बंद करून पुण्यात मुलाकडे राहायला आले. येथे दिवस सरता सरत नसे. दीड वर्षापूर्वी जवळच्या एका महिला मंडळाच्या विणकामाच्या वर्गात नाव घातले आणि मला पुन्हा माणसे मिळाली. आम्ही बारा जणी मंगळवारी व शुक्रवारी दुपारी जमतो. त्यांतील एक मैत्रीण आपल्या मुलीसाठी बाळंतविडा विणत होती. विणता विणता तिने मला एकटीला सांगितले की, मुलगी सासर कायमचे सोडून माहेरी आली आहे. मी ही गोष्ट घरी सुनेजवळ बोलले, तिच्याकडून ती कॉलनीत पसरली आणि शेवटी वर्गातही पोहोचली. मैत्रीण महिनाभर आलेली नाही. मी फोन केला, तेव्हा ‘बरे नाही’ एवढेच म्हणाली. मुलगा म्हणतो, ‘आई, स्वेटर दुकानात तयार मिळतात, कशाला हा व्याप? सोडून दे तो वर्ग.’ मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात मला सर्वांत मोलाचे वाटले ते तुम्ही दोष स्वतःकडे घेतला आहे, हे. ‘सुनेने सांगितले’ असे म्हणून तुम्हाला हात झटकता आले असते.

मैत्रिणीने ती गोष्ट तुम्हाला वर्गातच का सांगितली असावी, याचा आधी विचार करू. समोरासमोर बसून कोणी ‘काय झाले?’ असे विचारले की आपण आवरून सावरून उत्तर देतो. पण हातात सुया असतात, नजर टाक्यांवर असते, सुलट-उलट मोजण्याच्या निमित्ताने मध्येच गप्प राहण्याची मुभा असते, तेव्हा वर्षानुवर्षे ओठांवर न आलेली गोष्ट एखाद्या ओळीच्या शेवटी सहज बोलली जाते. ऐकणारीलाही लगेच काही सुचवावे लागत नाही, कारण तिचीही ओळ पुरी व्हायची असते. विणकामाच्या वर्गाची ही खरी देणगी आहे आणि म्हणूनच तेथे बोललेला शब्द बाहेर नेल्यावर इतका लागतो. मैत्रिणीने तो शब्द एका जागेच्या भरवशावर उच्चारला होता आणि ती जागाच तिला आता परकी झाली आहे.

तेव्हा फोन पुरे झाले. तिच्या घरी जा, आणि एकट्याच जा. चौघीजणी मिळून समजूत काढायला गेल्या, तर आपली चर्चा झाली आहे याचा पुरावाच तिच्या दारात उभा राहील. ‘ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली, माझे चुकले’ एवढे स्पष्ट सांगा. सुनेचे नाव घेऊ नका, ‘काळजीपोटी बोलले’ असेही म्हणू नका, कारण माफीला कारण जोडले की समोरच्या माणसावर ते मान्य करण्याचा भार पडतो. ती रागावली तर ऐकून घ्या. तिने त्या दिवशी काहीच उत्तर दिले नाही, तरी तुमचे जाणे वाया गेले असे समजू नका.

बाळंतविड्याची आठवण मात्र मी मुद्दाम करून देते. टोपडे, कुंची, मोजे, स्वेटर असा विडा एकटीने विणायला फार वेळ लागतो आणि बाळाचा दिवस कोणासाठी थांबत नाही. दोन-तीन भेटींनंतर, तिचे मन थोडे निवळल्यावर, ‘मोज्यांचे काम मी घेऊ का?’ असे विचारा. तिला न विचारता वर्गाने सगळा विडा विणून तिच्यापुढे ठेवू नये. तो प्रेमाने केलेला असला तरी तिला त्यात दया दिसेल. ती हो म्हणाली आणि पुढे तिनेच इतरांनाही वाटा दिला, तर तिच्या मुलीच्या बाळाच्या अंगावर तुम्हा सर्वजणींच्या हातचे काहीतरी असेल.

आता मुलाच्या म्हणण्याविषयी. स्वेटर दुकानात मिळतो, हे खरे आहे आणि तो कदाचित स्वस्तही पडेल. परंतु तुम्ही वर्गाला जाता ते केवळ स्वेटरसाठी नाही, हे त्याला शांतपणे सांगावे लागेल. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले; लिहिणे-वाचणे, शिवणकाम, रुग्णसेवा अशा शिक्षणाच्या निमित्ताने घराचा उंबरठा ओलांडता येणे, हेच त्या काळच्या अनेक बायकांसाठी मोठे होते, आणि साताऱ्याहून नव्या शहरात आलेल्या ६१ वर्षांच्या स्त्रीसाठी ते आजही लहान नाही. विणकामाविषयीचे एक आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण २०१३ साली ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. त्यात ३,५४५ जणांनी उत्तरे दिली. जे वारंवार विणतात त्यांनी मन शांत व आनंदी राहत असल्याचे सांगितले आणि गटात बसून विणण्याचा आपल्या आनंदाशी व लोकांशी असलेल्या संबंधांशी जवळचा संबंध असल्याचेही त्यात दिसले. ही माहिती उत्तर देणाऱ्यांनी स्वतःविषयी दिलेली आहे, म्हणून तिला औषधाच्या गुणासारखे मानू नये. पण तुमचा अनुभव एकटीचा नाही, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते. वर्ग सोडू नका. सोडलात तर तुमच्या मैत्रिणीला परत येण्यासाठी तेथे ओळखीचे, तिची वाट पाहणारे माणूस उरणार नाही.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या सोसायटीत असा वर्ग सुरू करण्याची इच्छा आहे. बहुतेकींनी सुई कधी हातात धरलेली नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या सुया घ्या, आपल्याकडच्या जुन्या मापात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, हे नवशिक्यांना ठाऊक नसते. लोकर फिक्या रंगाची व थोडी जाड असावी, म्हणजे टाके नीट दिसतात. पहिला महिना दोन्ही बाजूंनी केवळ सुलट टाके घालून मफलर विणू द्यावा आणि चुकलेली ओळ शिकवणारीने स्वतः उसवून न देता शेजारणीकडून उसवून घ्यावी, कारण ओळखी अशाच होतात. खुर्च्या रांगेत न लावता सतरंजीवर गोल बसावे. पहिल्याच दिवशी एक गोष्ट सर्वांसमोर सांगून टाकावी : येथे ऐकलेले घरी सांगायचे नाही, नवऱ्याला नाही, सुनेला नाही आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मुळीच नाही.