"वही कोरी कशी?" असं विचारणाऱ्या पालकांना माँटेसरी कशी समजवावी?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात नवा माँटेसरी बालवर्ग, म्हणजे मुलं साहित्य हाताळून शिकतात तसला, काढलाय आणि कोरी वही बघून पालक मुलं काढायला निघालेत. मीही इथेच, पूर्व भागात बालवर्ग चालवते. हा प्रश्न मला दर जूनमध्ये येतो.

पालकसभेतल्या भाषणाने फारसं कोणी बदलत नाही. त्यांना वर्गात बोलवा, खाली बसवा आणि दट्ट्यांची पेटी, म्हणजे वेगवेगळ्या मापाचे मुठीचे लाकडी दट्टे आपापल्या खळग्यात बसवायचा ठोकळा, त्यांच्या हातात द्या. दहा दट्टे, दहा खळगे. एक जरी चुकीच्या खळग्यात गेला तरी शेवटी एक उरतो नाहीतर बसत नाही, म्हणजे चूक पेटीच दाखवते, ताईंना बोलावं लागत नाही. मग दट्ट्याची मूठ कशी धरली ते बघायला सांगा. तीन बोटांत. पेन्सिलही तशीच धरायची असते. त्यानंतर पॉलिश पेपरच्या खरखरीत अक्षरांवरून त्यांचं बोट फिरवा, म्हणजे अक्षराचं वळण बोटाला कसं कळतं ते त्यांना समजेल.

आमच्याकडे मुलांना न्यायला बहुतेक आज्याच येतात, आणि त्यातल्या कितीजणींनी जन्मभर विड्या वळल्यात. त्यांना मी एवढंच विचारते, पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं. बोटं तयार नसताना विडी जमली होती का? पुढचं त्या स्वतःच सुनेला सांगतात. शक्य असेल तिथे हे तेलुगू-कन्नडमध्ये बोला. मराठीत मान डोलावणारी आई घरच्या भाषेत खरी शंका विचारते.

"हे श्रीमंतांचं खूळ" असं कोणी म्हणालं तर मला खरंच वाईट वाटतं. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये पहिलं बालगृह उघडलं ते रोमच्या सॅन लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत. आपल्याकडे बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, स्वस्तातलं, आसपास मिळणारं साहित्य वापरलं, आणि मुलं येईनात तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गिरण्या-मागांच्या गावात हे नक्की सांगा.

मोकळीक म्हणजे वाट्टेल ते नाही, हेही स्पष्ट करा. मूल काम स्वतः निवडतं, पण ते आधी ताईंनी दाखवलेलं असतं आणि झाल्यावर जागेवर ठेवावं लागतं. वहीऐवजी महिन्याला चार ओळी लिहून द्या: काय निवडलं, किती वेळ रमलं, कुठे अडलं.

पहिलीच्या प्रवेशाची धास्ती असेल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय ६ आहे आणि ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, हे दाखवा. पण अमुक महिन्यात लिहील असं वचन देऊ नका. आणि पालक टिकावेत म्हणून रोज अर्धा तास गिरवून घेणं तर मुळीच नको. मुलं तेच खरं काम समजतात आणि साहित्याकडे पाठ फिरवतात. एवढं करूनही कोणी मूल काढलंच, तर त्याच्या नोंदी नीट लिहून पालकांच्या हातात द्या, पुढच्या शाळेला उपयोग होईल.